रिकाम्या हॉलमधली घंटा

१

अमोस चुप्कोंना माती दिली त्या दुपारी वेंडल बेमो मेला. तेव्हा मी तिथून हाकेच्या अंतरावर लोकांच्या हातांवर पाणी ओतत होते.

आमच्या आदिवासी जमातीत दफनाला आलेला प्रत्येक जण खड्ड्यात मूठभर माती टाकतो. त्याला आम्ही ‘हात देणं’ म्हणतो. गेलेल्याशी शेवटचा हात मिळवायचा. आधी घरचे, मग गाव. निघताना फाटकाशी पाल्याच्या पाण्यानं हात धुवायचे, नाहीतर मेलेला माणूस मागोमाग घरी येतो. त्या दिवशी पाण्याची पाळी माझी होती. अमोस जमातीचे जुने पुढारी, त्यामुळे सगळं गाव लोटलेलं. ओतून ओतून माझा खांदा भरून आला. म्हाताऱ्यानं आयुष्यात जरा कमी ओळखी केल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी मनात म्हणतही होते.

दफन चालू असतं तोवर आमचा जुगाराचा हॉल बंद ठेवतात, कॅमेऱ्यांसकट. एरवी तो कधीच बंद नसतो, नाताळलाही नाही. वेंडल त्या हॉलमधली यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच आठवड्यात तो मला कॉफीच्या टपरीवर भेटला होता.

“मेल्बा मावशी, आपला हॉल पूर्ण रिकामा कधी असतो गं?”

“कोणीतरी मेलं की,” मी म्हणाले. दोघंही हसलो. आता ते हसू आठवलं की घास गिळवत नाही.

दफन आटोपून हॉलचं दार उघडलं, तेव्हा सगळ्यात आधी आत शिरली थेल्मा आजी. तिला खेळण्यावाचून चैन पडत नाही. ती आत गेली आणि किंचाळली.

जुन्या हॉलच्या शेवटच्या रांगेत वेंडल आडवा पडला होता. डोकं खुर्चीच्या लोखंडी पायाशी होतं, गालिचा भिजलेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची बायको जोलीन बसली होती. ती हॉलच्या स्वयंपाकघरात काम करते. चारी बाजूंना यंत्रांचे दिवे लुकलुकत होते. वेंडलच्या डोक्यावरचं तेवढं एक यंत्र बंद होतं.

पोलीसप्रमुख अर्ल माझ्या भावाचा मुलगा. त्यानं आल्या आल्या जोलीनच्या एप्रनवरचं रक्त पाहिलं. मग दाराची कुलपं पाहिली. आत दुसरं कोणी नव्हतं.

“परवाच हिनं पार्किंगमध्ये ओरडून त्याला सांगितलं होतं, ‘तू मेलास तर माझी सुटका होईल.’ अर्ध्या गावानं ऐकलंय, आत्या,” तो माझ्या कानाशी म्हणाला.

जोलीन माझ्या बहिणीची मुलगी. अर्ल तिला घेऊन निघाला तेव्हा तिनं माझी बाही घट्ट धरली.

“मावशी, मी मागे भांडी घासत होते. मला घंटा ऐकू आली. जिंकल्याची घंटा!”

२

खून पोलिसांकडे, यंत्रं माझ्याकडे. मी जमातीच्या खेळ-आयोगाची तपासनीस. यंत्रात काही काळंबेरं असेल तर ते शोधायचं, एवढंच माझं काम. पण आमच्यासारख्या चिमूटभर जमातीत कुठलाही तपास म्हणजे घरचंच भांडण. मी कोठडीत गेले, ती सोफकीचा डबा घेऊनच. मक्याची ती आंबट पेज जोलीनला लहानपणापासून आवडते. तिनं डब्याला हात लावला नाही.

“भांडण कशावरून झालं होतं?”

“नेहमीचंच. तो काहीतरी लपवत होता. रात्ररात्र जागा. मी म्हटलं, बाई आहे का? तर म्हणतो, बाई असती तर सोपं होतं. मला एवढा राग आला, मावशी! तोंडाला येईल ते बोलले.”

“आणि घंटा?”

“एकदाच वाजली. जुन्या हॉलमधलीच. मला वाटलं, दुरुस्तीचं काहीतरी चाललंय. थोड्या वेळानं कॉफी घेऊन गेले... मी लगेच गेले असते तर?”

मी डब्याचं झाकण लावलं.

“दफन चौथ्या दिवशी आहे ना?” तिनं विचारलं. “अर्ल मला सोडणार नाही म्हणतो. मावशी, मला त्याला हात द्यायचाय. मी त्याला शेवटचं काय बोलले ते तुला ठाऊक आहे. तेवढंच घेऊन जाणार का तो?”

आमच्यात बायकोनं हात दिला नाही तर नवरा वाटेतच अडकून राहतो. हे खरं की खोटं ते मला माहीत नाही. जोलीनला ते खरं वाटत होतं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. चौथ्या दिवसाच्या आत तिला बाहेर काढायचं मी ठरवलं.

तेवढ्यात अर्लनं दारातून डोकं घातलं. “आत्या, घंटेचं विसर. रॉयस म्हणतो, ती पोरगी खोटं बोलतेय. आणि तो ते सिद्ध करून दाखवू शकतो.”

३

रॉयस चुप्को हॉलचा मॅनेजर, अमोस चुप्कोंचा थोरला मुलगा. आम्ही शाळेत एका बाकावर बसलेलो. बापाच्या जाण्यानं तो पार खंगला होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

“झोपतोस का रे?”

“नाही येत झोप. ते जाऊ दे. मला सांग, जुन्या हॉलमधली यंत्रं कुठल्या वर्गाची?”

“माझी परीक्षा घेतोस होय? दुसऱ्या.”

“मग तूच सांग, दुसऱ्या वर्गाचं यंत्र कसं चालतं.”

मला ते झोपेतही सांगता येतं. कायद्यानं आमच्या खेळांचे तीन वर्ग पाडलेत. पहिला म्हणजे आमचे सणाचे काड्यांचे नि चेंडूचे खेळ. त्यात कोणी नाक खुपसत नाही. दुसरा वर्ग म्हणजे बिंगो. यंत्रावर फळं फिरतात, दिवे नाचतात, पण ती सगळी वरवरची शोभा. खरा खेळ असतो पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या कार्डावर. मध्यावरचा संगणक चेंडू काढतो, सगळ्या खेळणाऱ्यांना तेच आकडे जातात, ज्याचं कार्ड जुळेल तो जिंकतो. फळं मागाहून जुळतात, लग्न लागल्यावर वाजंत्री वाजते तशी. तिसऱ्या वर्गाचं यंत्र मात्र एकलकोंडं. त्याच्या स्वतःच्या पोटात आकडा ठरतो, त्याला दुसरं कोणी लागत नाही.

“आणि बिंगोला किती माणसं लागतात?” रॉयसनं विचारलं.

“निदान दोन.”

“बरोबर! एकट्यानं बटण दाबलं तर पडद्यावर येतं, ‘जोडीदाराची वाट पाहत आहे.’ बसा मग बोंबलत. हॉल रिकामा होता, मेल्बा. वेंडल एकटा होता. मग घंटा वाजली कशी? तिसऱ्या वर्गाची यंत्रं रस्त्यापलीकडच्या इमारतीत, आणि तिथली वीज गालिचा बदलायला बंद होती. तुझ्या भाचीनं घंटा मनानं रचली, कारण तिला यंत्रातलं ओ का ठो कळत नाही.”

त्याचं म्हणणं बिनतोड होतं.

“वाईट वाटतं गं,” तो म्हणाला. “पण हे लवकर मिटू दे. राज्याची माणसं यात डोकवायला लागली तर हॉलचं काही खरं नाही. आईला कसं आहे?”

ते त्यानं उगाच विचारलं नव्हतं. तिसऱ्या वर्गाच्या यंत्रांचा वाटा राज्याला द्यावा लागतो, दुसऱ्यातला छदामही नाही. त्यामुळे जुना हॉल म्हणजे आमचा जीव की प्राण. त्याच्यावर जमातीचा दवाखाना चालतो, आणि त्या दवाखान्यात माझ्या आईचं रक्त धुतात. तिची मूत्रपिंडं कधीच निकामी झाली आहेत.

“तू दफनाला शेवटपर्यंत होतास ना?” उठता उठता मी विचारलं.

“बापाच्या दफनाला मुलगा कुठे असतो? सगळ्यात आधी हात मी दिला. गावानं पाहिलंय.”

गावानं पाहिलं होतं हे खरं. मीही पाहिलं होतं. तरी काहीतरी खुपत होतं, आणि काय ते सापडेना.

४

जोलीन खरं बोलत असेल तर हॉलमध्ये दुसरा खेळणारा हवा. घंटा वाजली म्हणजे जोडीदार होता. कोण?

वेंडल-जोलीन सोडले तर दफनाला हात न देणारं माणूस एकच होतं, थेल्मा आजी. गुडघे दुखतात म्हणून ती गाडीतच बसून राहिली होती, आणि तिची गाडी हॉलच्या दाराशी उभी होती. ती आत कशी शिरली असेल हे मला सुचत नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार. मी तिच्या घरी गेले. तिनं तळलेली रोटी नि द्राक्षांची खीर पुढे ठेवली, आणि माझा प्रश्न ऐकताच खीर परत उचलली.

“मी? बंद हॉलमध्ये? अगं मेल्बे, तुझे लंगोट मी बदललेत! मला काय चोर समजतेस?”

“तसं नाही, आजी. चुकून...”

“चुकून म्हणे! आणि एकटीनं बसून करू काय? ते मेलं ‘जोडीदाराची वाट, जोडीदाराची वाट’ करत बसतं. माझा जोडीदार जाऊन वर्षं झाली, त्याची आठवण करून द्यायला यंत्र कशाला हवं?”

मला हसू आलं. तिचाही राग थोडा उतरला, खीर पुन्हा पुढे आली.

“म्हणून तर मी पहाटे गेले की शेवटच्या रांगेत बसते,” ती बोलतच राहिली. “एखाददुसराच खेळणारा पेंगत असतो, जोडीदार मिळता मिळत नाही, पण ती रांग गुणाची. बटण दाबलं की लगेच चालू. थांबवत नाही बिचारी.”

माझा चमचा हवेतच राहिला.

“आजी, हे कधीपासून?”

“रॉयसनं ती रांग नवी आणली तेव्हापासून. का गं? अगं, खीर तरी संपव!”

५

इतका वेळ मी दुसरा माणूस शोधत होते. तो नव्हताच. ती घंटा एकट्यासाठीच वाजली होती.

शेवटच्या रांगेतली यंत्रं बिंगोची नव्हतीच. अंगावर दुसऱ्या वर्गाची झूल, पोटात तिसरा वर्ग. कोपऱ्यातलं कार्ड म्हणजे नुसतं चित्र. तिसऱ्या वर्गाची यंत्रं गिऱ्हाईक जास्त ओढतात, आणि दुसऱ्याचं सोंग घेतलं की राज्याला वाटाही द्यावा लागत नाही. वेंडलला संशय आला होता. खात्री करायचा सोपा उपाय एकच: रिकाम्या हॉलमध्ये एकट्यानं बटण दाबायचं. यंत्र थांबलं तर ते बिंगोचं, चाललं तर नव्हे. पण आमचा हॉल रिकामा होतो तो कोणीतरी मेल्यावरच. हे त्याला मीच सांगितलं होतं.

मी अर्लला घेऊन हॉलमध्ये गेले. वेंडलच्या डोक्यावरचं यंत्र अजून बंदच होतं. त्याचं दार उघडलं. वीज तोडायचा खटका आत असतो, आणि त्या खटक्यावर बोटाएवढा लाल डाग होता.

“रक्त?” अर्ल म्हणाला.

मी नखानं खरवडलं. चिकणमाती. आमच्या नदीकाठची माती काळी. लाल माती लागते ती पुरुषभर खोल खणल्यावर. तेवढं खोल आम्ही एकाच कामासाठी खणतो.

“वेंडल दफनाला आला नव्हता,” मी म्हणाले. “जोलीनही नाही. थेल्मा आजी गाडीत होती. हा खटका ज्यानं बंद केला, तो हात देऊन थेट इथं आला होता. हात न धुता.”

आता मला काय खुपत होतं ते कळलं. फाटकावर पाणी मी ओतत होते. गावातला एकूण एक हात माझ्या तांब्याखालून गेला. ज्यानं सगळ्यात आधी माती दिली, त्याचा हात तेवढा आला नाही. रॉयस माती टाकून बाजूला झाला आणि मागच्या कुंपणावरून उतरला असणार. गाव रांगेत उभं होतं, सगळ्यांच्या नजरा खड्ड्याकडे. हॉल कुंपणापलीकडेच, आणि मॅनेजरकडे बाजूच्या दाराची किल्ली असते.

अर्ल खाली बसला. “आत्या, माती म्हणजे काही पुरावा नाही. तो म्हणेल, आधीची आहे. आणि यंत्रं खोटी आहेत हे तरी कसं दाखवणार? आत्ता लोक खेळतायत. आत्ता बटण दाबलं तर सगळीच चालणार.”

“लोकांना बाहेर काढायला गेलो तर रॉयस सावध होईल. आपसूक रिकामा झालेला हॉल लागेल.”

“तो कधी मिळणार?”

“वेंडलला माती देताना.”

म्हणजे जोलीन कोठडीत असतानाच. ज्या घटकेला तिनं नवऱ्याला हात द्यायचा, त्याच घटकेला मला तिची सुटका शोधायची होती.

६

चौथ्या दिवशी मी खड्डा खणणाऱ्यांना म्हटलं, “सगळे हात देऊन झाले तरी माती लोटू नका. मी येईपर्यंत थांबा.”

“ऊन उतरायच्या आत बुजवावं लागतं, मेल्बा.”

“तोवर थांबा.”

घरचे पुढे झाले, मग गाव. मी रॉयसला शोधत होते. तो दिसला नाही. मी अर्लला खूण केली आणि आम्ही मागच्या कुंपणावरून उतरलो.

हॉलमध्ये कोणी नव्हतं. दिवे तेवढे नाचत होते. आणि शेवटच्या रांगेतून पान्याचा आवाज येत होता. रॉयस एका यंत्राचं दार उघडून गुडघ्यांवर बसला होता. बाजूला यंत्रांच्या पोटातल्या सोडवलेल्या सर्किट-पाट्या पडल्या होत्या. आम्हाला पाहून तो दचकला नाही. फक्त पाना खाली ठेवला.

“मलाही रिकामा हॉलच हवा होता,” तो म्हणाला.

मी पुढच्या रांगेतल्या यंत्राशी गेले, एक डॉलर सरकवला, बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘जोडीदाराची वाट पाहत आहे.’ शेजारच्यावरही तेच. मग मी त्याच्या रांगेतल्या, त्यानं अजून न उघडलेल्या यंत्राकडे आले.

“मेल्बा, थांब.” तो उभा राहिला. “यातला एक पैसा मी खिशात घातला नाही. नदीला पूर आला त्या वर्षी दवाखाना बंद पडत होता. तो या रांगेनं वाचवला. तुझ्या आईला कोणी जगवलं? या रांगेनं! तू ते बटण दाबलंस की राज्य येईल, हॉलला कुलूप लागेल, आणि ते कुलूप तुझ्या आईच्या खोलीलाही लागेल. जोलीनला काही वर्षं होतील. सुटेल ती. तुझ्या आईला तेवढी वर्षं आहेत का?”

त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मला आई दिसली, खुर्चीत रेललेली, दंडाला नळ्या, टीव्हीवरच्या बायकांना शिव्या घालणारी. माझा हात खरंच थांबला. मग मला जोलीन आठवली. भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि बाहेर तिच्या नवऱ्याचा खड्डा उघडा.

मी बटण दाबलं.

फळं गरगर फिरली. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. शेवटी तीन चेरी एका ओळीत आल्या, आणि रिकाम्या हॉलमध्ये घंटा वाजली. खणखणीत, स्वयंपाकघरापर्यंत जाईल अशी.

रॉयस खुर्चीत बसला.

“हात देऊन मी बाजूला उभा होतो,” तो म्हणाला. “रांगेकडे बघत होतो, कोण आलं, कोण नाही. वेंडल कधी कोणाचं दफन चुकवत नाही. तो नव्हता. मला लगेच कळलं, तो कुठे असणार. आलो तेव्हा घंटा वाजतच होती. म्हणाला, ‘रॉयसदादा, मी मेल्बा मावशीला सांगणार.’ मी ढकललं. नुसतं ढकललं गं.”

“तो जिवंत होता का?”

“मी पाहिलं नाही. खटका बंद केला नि परत गेलो. बाबांवर माती पडायची होती.”

“आणि जोलीन?”

तो स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला. “हात धुवायचे राहिले, मेल्बा. निघताना तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही, पुन्हा कुंपणावरूनच गेलो. त्या दिवसापासून बाबा खाटेच्या पायथ्याशी बसलेले असतात. काही बोलत नाहीत. नुसते बसतात.”

अर्लनं जोलीनला गाडीतून आणलं तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. खणणारे फावड्यांवर रेलून उभे होते, गावातलं कोणी हललं नव्हतं. तिला वाट करून दिली. तिनं माती उचलली, आणि मूठ बराच वेळ उघडेचना. ओठ हलत होते. काय बोलली ते मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. मग मूठ उघडली.

फाटकाशी मी तिच्या हातांवर पाणी ओतलं.

“मावशी, घंटा खरंच वाजली होती ना?”

“वाजली होती, बाळा. आज मीही ऐकली.”

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. रस्त्याकडेला पोलिसांच्या गाडीत रॉयस बसला होता, हात पुढे बांधलेले. माझा संताप संताप होत होता. तरी मी गेले आणि खिडकीतून त्याच्या हातांवर पाणी ओतलं. तो लहान मुलासारखा रडला. त्या पाण्यानं त्याचे बाबा परत गेले की नाही, मला माहीत नाही.

रॉयस म्हणाला तसंच झालं. राज्याची माणसं आली, हॉलला कुलूप लागलं, आणि पानगळ व्हायच्या आत दवाखान्यालाही. म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण बंद झालं. टपरीवर मी गेले की काही जण कॉफी अर्धी टाकून उठतात. थेल्मा आजी माझ्याशी बोलत नाही.

आईला आता दूर शहरात न्यावं लागतं. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा. ती फार थकते, परतताना तिची मान सीटवर टिकत नाही. हॉल कोणामुळे बंद झाला हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकदा वाटेत मीच गाडी कडेला घेतली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. बटण दाबताना मला तू दिसली होतीस, तरी दाबलं, असं म्हणाले.

तिनं डोळे उघडले नाहीत.

“पोरीनं नवऱ्याला हात दिला ना?”

“दिला.”

“मग बडबड नको करूस. गाडी चालव.”